तिसरा पुकारा

शिपायाच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. कायदा महाविद्यालयातली मुलं दरवर्षी लुटुपुटूचं कोर्ट भरवायची. पुकारे करायला शिपाई आणि साक्षीदार म्हणून त्याचा थोरला भाऊ, डावा पाय ओढत चालणारा ग्रंथालयाचा रखवालदार, हे ठरलेलंच. यंदा रखवालदार चार दिवस दवाखान्यात होता आणि डॉक्टर काही नीट सांगत नव्हते.

शिपायाचा पाय निघेना. थोरलाच म्हणाला, "जा. पोरं खोळंबतील. वीस वर्षं खोटी साक्ष दिली मी. वरच्या कोर्टात माझी धडगत नाही."

"गप पड, दादा. बारापर्यंत येतो. तोवर कुठं जाऊ नको."

"बरं बाबा. वाट बघतो."

सभागृह भरलं होतं. विद्यार्थी मंडळाची चिटणीस, जिला सगळे वकीलबाई म्हणत, कानाशी येऊन म्हणाली, "काका, दादांच्या जागी माझा वर्गमित्र आहे. त्यालाच पुकारा हं."

पण महिनाभराच्या तालमींनी जीभ वळलेली.

"रखवालदार हाजीर हो!"

मागच्या बाकांवर पोरं फिदीफिदी हसली. शिपाई वरमला. पण सुरू केलेला पुकारा तीनदा पुरा करायचा, हा तिथला शिरस्ता. त्यानं दुसरा दिला. तिसरा देताना आवाज चिरकला.

शेजारून चप्पल फरफटत गेली. डावा पाय ओढत, सावकाश, बाकांच्या मधून. दिसलं कुणीच नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्याची कडी वाजली आणि हसू बंद झालं.

पाहुणे म्हणून आलेले निवृत्त न्यायाधीश डोळ्यांनी अधू होते. त्यांनी मान वर केली.

"या बाबा. दमलात? बसून सांगा."

वर्गमित्र बाकावरच बसून होता. वकीलबाईनं पाठ केलेला प्रश्न विचारला, "घटनेच्या वेळी आपण कुठे होता?"

पिंजऱ्यातून शिपायाला काही ऐकू आलं नाही. न्यायाधीश मात्र मान हलवत, सवयीनं मोठ्यानं बोलत, जबाब लिहू लागले.

"मी भावाची... वाट पाहत होतो."

शिपाई चपला न घालताच धावत सुटला.

थोरला भाऊ त्याच दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वारला. जबाबाच्या कागदावर वेळ अकरा वीसची आहे.