बारा किलोमीटरची चौकट

“पोरीनं आज कोरडं राहीन म्हून सांगतलं,” असं म्हणत मंजुळाबाईंनी ताडपत्रीची घडी परत बांधावर ठेवली. शेजारच्या तानुबाई टेकडीवरच्या ढगाकडे बोट दाखवून दमल्या आणि आपल्या वावरात निघून गेल्या.

दुसरबीडच्या शिवारात सकाळीच कापलेले कांद्याचे गोंडे उन्हात पसरले होते. त्यातलं बी विकायचं होतं, आणि एकदा भिजलं की ते धड उगवत नाही, हे मंजुळाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. पण पोरगी, प्रतीक्षा, पुण्यात हवामानाचं गणित मांडणाऱ्या कचेरीत होती. दिवाळीत तिनं चौकड्यांच्या चादरीवर आईला सगळं समजावलं होतं. साऱ्या देशावर अशा चौकटी आखायच्या. एका चौकटीला एकच वारा, एकच ओल, एकच उंची. चौकट बारा किलोमीटरची असली तर आपली टेकडी तिच्यात सपाट होऊन जाते. तीन किलोमीटरची केली तर टेकडी दिसते, पण गणित कितीतरी पटींनी वाढतं. प्रतीक्षाचं काम त्या बारीक चौकटींवरच चाललं होतं, अजून पुरं व्हायचं होतं. मंजुळाबाईंना त्यातलं निम्मं कळलं आणि सगळं आवडलं.

दुपारी लिंबाखाली त्यांचा डोळा लागला. अर्धवट झोपेत सारा तालुका चादरीसारखा अंथरलेला दिसला. प्रतीक्षा अनवाणी चालत एकेका चौकटीत एकेक आकडा ठेवत होती आणि टेकडी कुठेच नव्हती. गार वाऱ्यानं जाग आली तेव्हा ढग काळाभोर झाला होता. चाळीस वर्षं त्यांनी हाच ढग ओळखला होता. पण ताडपत्री ओढायची म्हणजे पोरगी चुकली असं गावापुढे कबूल करायचं, असं त्यांना वाटलं. वेडेपणाच तो. त्या बसून राहिल्या.

सर आली आणि अर्ध्या तासात गेली. गोंडे पाण्यात लोळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, प्रतीक्षानंच अंगणात बसवून दिलेल्या पर्जन्यमापकातलं पाणी त्यांनी मोजलं. तेवढ्यात फोन आला.

“माय, किती झाला?”

काहीच नाही, असं म्हणावं असं फार वाटलं. पण पोरीच्या गणितात आपल्यामुळे खोटा आकडा जाणं त्यांच्या जिवावर आलं.

“अकरा मिलिमीटर.”

“आमच्या गणितात शून्य होता वं, माय.”

“मंग आता अकरा लिही. टेकडीकडून आला, तेबी लिही.”

“लिहिते.” आणि मग एकदम घाबऱ्या आवाजात, “गोंडे झाकले होते ना?”

मंजुळाबाईंनी वावरातून आणून ओसरीवर पसरलेल्या ओल्या गोंड्यांकडे पाहिलं.

“हाव, झाकले होते ना,” त्या म्हणाल्या, आणि चहा घेतला का म्हणून पोरीला विचारलं.