उल्कावीराचा जुना आवाज

शुक्रवारी सकाळी दहाच्या आत माझ्या भाचीने मला दोनदा हसवलं आणि एकदा रडवलं, तेही नुसतं मोबाइलवरून वाचून दाखवून. ‘उल्कावीर’चा पाचवा भाग त्या दिवशी लागला होता. पहिला खेळ सुटायच्या आत लोकांनी मतं ठोकून दिली होती, आणि ही बया पाव खात खात एकेक मत माझ्या डोक्यावर आदळत होती.

“ऐक ना मावशी. ‘जुना आवाज परत द्या, नाहीतर आम्ही सिनेमा बघणार नाही.’ आणि खाली लिहिलंय, आज संध्याकाळी दुसऱ्यांदा जातोय.”

“शब्दाचा पक्का दिसतो.”

“हा बघ दुसरा. ‘नवा आवाज म्हणजे तोफ आहे तोफ! इतकी वर्षं आपला उल्कावीर झोपेत बडबडत होता.’”

“त्याला म्हणावं, आधी कान धुऊन ये.”

“आणि हा म्हणतो, जुन्याच्या डोक्यात हवा गेली होती, म्हणून सोडून गेला. बरं झालं गेला ते.”

यावर मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

मी डबिंग करते. परक्या भाषेतला सिनेमा आपल्या भाषेत येतो, तेव्हा पडद्यावरच्या बाईच्या तोंडी माझा आवाज असतो. उल्कावीराची प्रेयसी, ती पूल बांधणारी इंजिनियर, पाचही भागांत मीच आहे. पाच सिनेमांत तिचे सहा पूल पडले, तरी तिला नोकरीवरून कुणी काढत नाही. पहिल्या चार भागांत उल्कावीर होते हळूराव. हे अर्थात खरं नाव नव्हे. माणूस इतका हळू बोलायचा की चहा मागितला तरी कॅन्टीनवाला दोनदा “काय?” म्हणायचा, म्हणून स्टुडिओत सगळे हळूराव म्हणायला लागले.

मूळ सिनेमातला नट छाती पिटून ओरडतो. हळूरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “एवढी ताकद असलेला माणूस ओरडेल कशाला?” आणि माइकजवळ जाऊन, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलावं तसे बोलले. आमचे डबिंग दिग्दर्शक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, त्यांनी कपाळाला हात लावला. पण सिनेमा लागला आणि लोक वेडे झाले. आपल्याकडचा उल्कावीर धमकी द्यायला लागला की अख्खं थिएटर श्वास रोखून पुढे वाकायचं.

चौदा वर्षं आम्ही प्रेमाचे संवाद म्हटले, पण एका खोलीत कधी नाही. डबिंगची हीच तर गंमत आहे. ते सकाळी येऊन आपले संवाद म्हणून जायचे, मी दुपारी जायचे, आणि त्यांचा आवाज माझ्या कानांवरच्या हेडफोनमध्ये सोडला की मी उत्तर द्यायचे. प्रत्यक्ष भेट जिन्यात किंवा दारात, दहा मिनिटांची. “काय, कसं काय?” “चाललंय.” त्या वेळी त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती, तेव्हा मी मनातलं मनाशीसुद्धा कबूल केलं नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि मग वाटलं, या वयात आता काय बोलायचं? माझा संसार म्हणजे त्या दोन हेडफोनमधला तीन तासांचा. मला तो पुरत नव्हता, पण तेवढा होता.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पूर्ण. हे त्यांच्या मोठ्या बहिणीला, मास्तरांना आणि मला, एवढ्या तिघांनाच माहीत. त्यांनी पाटीवर लिहून माझ्याकडून वचन घेतलं होतं: “लोकांनी कीव करायला नको. चिडले तर चिडू देत.” म्हणून सगळं जग त्यांना गर्विष्ठ म्हणत होतं आणि मी मूग गिळून भांडी घासत होते.

शनिवारच्या पेपरात परीक्षण आलं. हे परीक्षक उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी नव्हेत. ते खरंच कान देऊन ऐकतात, आणि तीच तर पंचाईत झाली. नव्या आवाजाचं त्यांनी कौतुक केलं होतं: तरुण आहे, दमदार आहे, नायकाला शोभतो. मी त्या मुलाला मनात भोंगा म्हणते, पण मुलगा वाईट नाही. पुढे मात्र लिहिलं होतं: “निरोपाच्या प्रसंगात नायक गर्जतो आणि नायिका कुजबुजते. दोघं एका खोलीत आहेत असं वाटतच नाही. ती या नायकाशी बोलतच नाहीये. ती दुसऱ्याच कुणाशी तरी बोलते आहे, आणि तो या चित्रपटात नाही.”

पेपर माझ्या हातातून पडायचाच बाकी होता. माझी चोरी भर चौकात पकडली गेली होती.

कारण परीक्षकांचं अक्षरन् अक्षर खरं होतं. त्या प्रसंगाच्या दिवशी माझ्या कानात भोंगा होता. तो “मी परत येईन!” असं गरजायचा, आणि मला उत्तर सुचल्यासारखं म्हणायचं होतं. सात टेक झाले. सातही वेळा मी बँकेतल्या बाईसारखी बोलले. काचेपलीकडे मास्तर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “बाई, थांबा जरा.” दोन मिनिटं काहीतरी शोधत होते. आणि अचानक माझ्या कानात हळूराव बोलायला लागले. तिसऱ्या भागातला जुना निरोप होता तो. तोच श्वास, वाक्याच्या शेवटी तेच किंचित थांबणं. मी डोळे मिटले आणि उत्तर दिलं. एका टेकमध्ये झालं. नंतर मास्तर म्हणाले, “फार खाली गेलाय हो सूर. तिकडे तो ओरडतोय.” मी म्हटलं, “राहू दे.” त्यांनी राहू दिला. विचारलं काही नाही.

आता सगळे त्यावरच भांडत होते. भाचीच्या मोबाइलवर एक गट म्हणत होता, बाई दमली, बाईला काढा. दुसरा म्हणत होता, ती कुजबुज ऐकून अंगावर काटा आला. कुणी पैज लावत होतं की मशीन बिघडलं असणार. मला त्यांचं कुणाचंच काही वाटत नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला होता तो एका माणसापायी. हळूराव तो पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

रविवारी त्यांच्याकडे जायचा माझा नेम आहे, आठ महिन्यांचा. वाटलं, आज जाऊ नये. गेले.

दार त्यांच्या बहिणीने उघडलं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांना फार कमी ऐकू येतं. “ये ये,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “आमचं झकास चाललंय. हा बोलत नाही, मला ऐकू येत नाही. भांडणाचं नाव नाही घरात.”

हळूराव खिडकीपाशी बसले होते. गळ्याला रुमाल. समोर तोच पेपर, परीक्षणाचं पान वर करून घडी घातलेला. एका ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. कोणत्या, ते मी पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती. त्यांनी पाटी पुढे ओढली आणि लिहिलं, “सिनेमा बघायचा आहे. मंगळवारी दुपारी मोकळ्या आहात?”

“कशाला उगाच?” मी म्हटलं. “फालतू आहे. सहावा पूल पडतो.”

त्यांनी पाटीवर बोट ठेवलं, “मंगळवारी” या शब्दावर.

मंगळवारी दुपारच्या खेळाला गर्दी नव्हती. रांगेत आमच्या पुढे उल्कावीराचं चित्र असलेले शर्ट घातलेले दोन बाप्ये वाद घालत होते, दोघंही चांगले चाळिशीचे. एक म्हणत होता, जुन्या आवाजाशिवाय हा उल्कावीर म्हणजे नुसतं कवच. दुसरा म्हणाला, “अरे सोड! तो जुना माणूस स्वतःला फार शहाणा समजायचा. साधी एक मुलाखत नाही दिली त्याने, निरोपाचे दोन शब्द नाही बोलला. आपण चौदा वर्षं प्रेम केलं, आणि त्याला तोंड उघडायला काय झालं होतं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा. तेवढ्यात हळूरावांनी माझं मनगट धरलं. घट्ट नाही, पण धरलं. ते त्या माणसाकडे रागाने बघत नव्हते. तहान लागलेला माणूस पाण्याकडे बघतो, तसे बघत होते. आपल्या आवाजावर कुणी इतकं चिडावं, याचं त्यांना बरं वाटत होतं बहुतेक. दारापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

आत अंधार झाला, भोंगा गरजायला लागला, इमारती कोसळल्या. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. निरोपाचा प्रसंग आला, तसे ते पुढे वाकले, अगदी पूर्वी लोक वाकायचे तसे. पडद्यावर माझा आवाज खाली, अगदी खाली गेला. हळूरावांनी डोळे मिटून घेतले. प्रसंग संपला तरी उघडले नाहीत.

बाहेर आल्यावर आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो. त्यांनी खिशातून छोटी वही काढली. आवाज गेल्यापासून ती कायम खिशात असते. लिहिलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

“कानात कोण होतं?”

दुसरं कुणी असतं तर मी थाप मारली असती. पण हा माणूस त्याच धंद्यातला. सूर कुणाशी जुळवलाय, हे त्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार?

“तू,” मी म्हटलं. चौदा वर्षांत माइकशिवाय मी त्यांना कधी तू म्हटलं नव्हतं.

त्यांनी वही उचलून घेतली. मग सावकाश लिहिलं. “तो आवाज होता. मी नव्हे. आणि तो गेला.”

हे वाचून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. खोटं कशाला बोलू, तो आवाज मला हवा आहे. रात्री झोप लागेना की मी तिसरा भाग लावून डोळे मिटून पडते. पुन्हा एकदा “काय, कसं काय?” ऐकायला मिळावं म्हणून मी काय वाटेल ते देईन. पण म्हणून हा माणूस मला हे असं सांगणार?

“असं?” मी म्हटलं. “मग गेले आठ महिने दर रविवारी दोन बस बदलून मी कुणाला भेटायला येते? अक्कांना?”

त्यांनी वर पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला कळेना, रडतायत की काय. हसत होते. हसण्याला आवाज नव्हता, नुसता श्वास होता, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मग वही ओढून घेतली आणि घाईघाईने लिहिलं, “पुन्हा ऐकायचंय.” आणि उठून थेट तिकिटाच्या खिडकीकडे निघाले.

मी मागून पोचले तेव्हा ते दोन बोटं दाखवत उभे होते आणि मागे रांग वाढत होती. खिडकीतली बाई वैतागली होती.

“अहो, कुठला सिनेमा ते तरी सांगा!”

“उल्कावीर,” मी म्हटलं. “पुढचा खेळ. दोन.”

“थिएटर रिकामंच आहे. मध्ये एक खुर्ची सोडून देऊ? ऐसपैस बसाल.”

मी हळूरावांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. तीस वर्षं मी हेच काम करत आले आहे, हलत्या ओठांत आवाज घालायचं. पण त्या बायका मला कधी प्रत्यक्ष भेटल्या नव्हत्या, आणि त्यांची वाक्यं मला कुणीतरी कागदावर लिहून दिलेली असायची. इथे कागद नव्हता. मी त्यांच्या ओठांकडे बघत, ते म्हणाले असते तितक्याच हळू म्हटलं, “शेजारच्याच द्या.”

“काय?” बाई म्हणाली.

मग मी मोठ्याने म्हटलं, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं.