दुसरी बाजू, गाणं चौथं

माझ्या आईला सगळं येतं, गाणं येत नाही. कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळ्या बाया गातात, तेव्हाही ती मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवते. म्हणून पुण्याहून आलेला शुभम नावाचा पोरगा सुरतमधल्या लिंबायतच्या आमच्या खोलीत बसून म्हणाला, "आजींचा आवाज जगभर गाजतोय," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, भाऊ, पत्ता चुकला.

पण पत्ता बरोबर होता. त्यानं एक जुनी तबकडी काढली. नाव 'निळी गोफण', साल १९७४. पाकिटावर शहाद्याकडच्या आमच्या गावातल्या घराचं दार होतं. तेव्हा कॉलेजची चार पोरं टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडायची, लोकांचे आवाज गोळा करून त्यांत गिटार, ढोल आणि डोकं गरगरेल असे सूर मिसळायची. सायकेडेलिक फोक रॉक म्हणे. त्या वेळी तबकडीला कुत्रं विचारत नव्हतं. आता परदेशातले जाणकार तिला अभिजात म्हणतात आणि पन्नास वर्षं झाली म्हणून ती नव्याने निघणार आहे. सगळ्यात गाजलेलं गाणं दुसऱ्या बाजूचं चौथं. गायिकेच्या जागी छापलंय, 'गावातली एक स्त्री'. पाकिटावरचं दार दाखवत शुभम गावात विचारत गेला आणि तिथून आमच्यापर्यंत आला. त्याला आईचं नाव छापायचं होतं, फक्त सही हवी होती.

"मी कधी गानं म्हनेल नही," आई म्हणाली.

मी मात्र हवेत. धंद्याची रिक्षा उभीच ठेवली, खमण आणलं, शेजारच्या सरलाबाईंना बोलावलं. साड्यांचे धागे कापण्यात जिचं आयुष्य गेलं, तिचं नाव जगात होणार म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

"विसरी गयी व्हशी तू," मी आईला म्हणालो. "लाव रे भाऊ."

शुभमनं मोबाइलवर गाणं लावलं. गिटार वाजली, ढोल लागला. मला आवडलं, खोटं का बोलू? मांडीवर ठेकाही धरला. मग बाईचा आवाज आला. लांब हेल, वर चढून मोडणारा. शुभमनं डोळे मिटले. सरलाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "हाई गानं नही शे."

मोबाइलमधली बाई म्हणत होती, "ऊठ रे मना पांडू... दूध पडी ऱ्हायनं तुनं..."

माझा ठेका चालूच होता. हात थांबायला वेळ लागला, याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. आमच्याकडे मयताला बाया असंच शब्द लावून, हेल काढून रडतात. मी शेकडो वेळा ऐकलंय. ते चार शहाणे भिंतीपलीकडे मशीन लावून बसले असणार आणि त्यांना ते गाणं वाटलं.

शुभमनं घाबरून बंद केलं. आई जागची हलली नव्हती.

"पांडू कोण?" मी विचारलं.

"तुना मोठा भाऊ."

मला भाऊ होता! अठ्ठेचाळीस वर्षं मी स्वतःला एकुलता समजत होतो. धुडकू असलं नाव का ठेवलंस, म्हणून आईशी किती भांडलोय. मूल जगावं म्हणून असं टाकाऊ नाव ठेवतात, हे ठाऊक होतं. पण आधी कोण गेलं, हे विचारायचं कधी सुचलं नाही. गेलेल्याचं नाव या पोरासमोर काढायचं नाही, असं माझ्या आजीनं तिला बजावलं होतं म्हणे. आईनं ते आजवर पाळलं.

डोक्यात तिडीक गेली. मी शुभमची गचांडी धरली. "माझ्या आईच्या रडण्यावर लोक डोलतात?"

पोरगा पांढराफटक पडला. त्याला अहिराणी येत नव्हती, त्याचा काय दोष? पण राग कुठे विचारून येतो!

"काढून टाकतो, दादा. नव्या तबकडीत हे गाणं राहणार नाही. शब्द देतो."

"सोड त्याले," आई म्हणाली. मी सोडलं. "किती लोकेस्नी ऐकं हाई?"

"लाखो, आजी."

"मना पांडूनं नाव ऐकं त्यास्नी?"

त्याला कळलं नाही. मी मराठीत सांगितलं. त्यानं मान डोलावली.

"त्याना फोटू नही, दाखला नही. त्यानं नाव कोठेच नही शे. काढू नको."

शुभमनं कागद पुढे केला. "तुमचं नाव कसं लिहायचं, आजी?"

"मनं नको. त्यानं लिखा."

पेन मी घेतलं. पांडुरंग, एवढं लिहिलं. पुढच्या रकान्यात कलाकाराचं वय विचारलं होतं.

"अडीच वरीस," आई म्हणाली.

मला ते लिहिता येईना. शेवटी शुभमनं लिहिलं.