ऑरिनच्या रिव्हॉल्वरची मूठ

मारेन स्कोगस्टाड माझ्याकडे शिकायला आली तेव्हा मी तिला दोन नियम सांगितले. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय दुसरं मिळणार नाही, हा पहिला. आणि जिचा सगळा आराखडा तिने स्वतः केलाय अशी बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती गेली, की मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या लोखंडावर माझ्या नावाच्या आद्याक्षरांशेजारी तिची अक्षरं कोरली जातील, हा दुसरा. तोवर ती शिकाऊ. हे नियम माझ्या उस्तादाचे होते, पण मी ते स्वतःचे असल्यासारखे मिरवत असे.

मोंटानातल्या आमच्या भागात बंदुका दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे घडवून देणारा मी एकटा, आणि माझे डोळे आता दगा द्यायला लागले होते. मारेन आधी वेल्डिंग करायची. हात चांगला, जीभ जरा जास्तच धारदार. पुढे दुकान तिनेच चालवावं असं माझ्या मनात होतं. ते तिला बोललो नव्हतो. बोललो असतो तर डोक्यावर मिरी वाटली असती तिने.

पहिलं काम तिने बापाचंच घेतलं. ऑरिन स्कोगस्टाड खेचरांवर सामान लादून शिकाऱ्यांना डोंगरात नेतो. तिकडे अस्वलं आहेत, म्हणून कमरेला कायम रिव्हॉल्वर, जुनं, काडतुसांची सहा घरं असलेलं. मारेनचा बेत असा होता: सांगाडा तोच ठेवायचा, काडतुसांची चक्री मात्र नवी आणि पाचच घरांची, म्हणजे घरांच्या भिंती जाड होतील आणि अस्वलाला थांबवणारं काडतूस पेलेल. नळी आखूड, खोगिरावर बसताना टोचू नये म्हणून. मूठ बापाच्या पंजाच्या मापाची. ऑरिनने रिव्हॉल्वर आणून टेबलावर ठेवलं.

"शिकारीच्या मोसमाआधी हातात पडायला पाहिजे हं," तो म्हणाला. "नाहीतर अस्वलाला काय तुझा आराखडा दाखवू?"

"दाखव की. माझं अक्षर बघूनच पळेल ते."

आमच्याकडे पेन्सिल उचलण्याआधी गिऱ्हाइकाचा हात बघतात. त्याला टेबलाशी बसवायचं, दारू नसलेली खोटी काडतुसं द्यायची, आणि त्याने आपलं रिव्हॉल्वर भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. अंगठा कुठवर पोचतो, मनगट कसं वळतं, हे शिकाऊने नुसतं बघत राहायचं.

असल्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये एक घर रिकामं ठेवावं लागतं. अंगठ्याने मागे ओढायचा तो घोडा भरल्या घरावर टेकलेला असला आणि बंदूक दगडावर पडली, तर गोळी सुटते, बहुतेक वेळा आपल्याच मांडीत. म्हणून इथली पोरं पाढ्यांसारखं घोकतात: एक भर, एक सोड, चार भर, घोडा ओढ, हळूच टेकव. मग घोडा बरोबर रिकाम्या घरावर येतो. गावातल्या निम्म्या लोकांना हे ऑरिननेच शिकवलंय. मारेनलाही.

तो भरायला लागला. तोंडाने म्हणत होता, "एक भर, एक सोड, चार भर." हात मात्र एकामागून एक सहाही घरं भरत होता. मग घोडा ओढून त्याने तो अलगद भरल्या घरावर टेकवला आणि लेकीकडे बघून हसला.

"बाबा, माझी फिरकी घेतोयस काय?"

"कसली फिरकी?"

"काही नाही. परत एकदा भर बघू."

परत तेच झालं. तोंड बरोबर, हात चूक. तिसऱ्या खेपेला आपलं काहीतरी चुकतंय एवढं त्याला कळलं, पण काय ते कळेना. "काडतुसंच भिकार आहेत तुमची!" म्हणून तो डाफरला. मारेन मोजपट्टी हातात धरून तशीच बसली होती. मी कॉफी ओतायला उठलो, तर तिघांचेही कप भरलेलेच होते.

तो गेल्यावर मी म्हणालो, "घोडा काडतुसाला टेकू नये अशी पट्टी आत बसवता येते."

"येते ना. आणि उद्या झाडीत त्याला एखादा शिकारीच अस्वल वाटला, तर कुठली पट्टी बसवू?"

"मग सांग त्याला, नाही करत म्हणून."

"नाही म्हटलं तर संध्याकाळच्या आत बाजारातून नवं घेऊन येईल. ओळखत नाही का तुम्ही त्याला? बनतंय म्हटलं तर थांबेल. माझ्या हातचं आहे ना, म्हणून थांबेल."

तिने त्याच दिवशी रिव्हॉल्वर खोलून सुटे भाग तेलाच्या डब्यात ठेवले. बापाच्या घरातल्या दोन रायफलीही गंज काढायच्या म्हणून उचलून आणल्या. आणि मग आराखडा सुरू झाला तो सुरूच राहिला. दर शनिवारी ऑरिन यायचा, दोघं डोक्याला डोकं लावून बसायची. नळी आखूड की मध्यम? घोड्याचं टोक रुंद हवं का? लोखंडाचा रंग काळा की करडा? मुठीला अक्रोडाचं लाकूड लावायचं की मेपलचं? ठरलेलं पुढच्या शनिवारी मोडायचं. मोसमात खेचरं घेऊन त्याचा पुतण्या गेला. ऑरिन गावभर सांगत फिरला, "रिव्हॉल्वर व्हायचंय अजून, नाहीतर मीच जाणार होतो."

मधे एक चांगलं गिऱ्हाईक आलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या हातचं होईल असं काम होतं. मी मारेनला बाजूला घेतलं.

"बापाचं रद्द झालं असं धर आणि हे घे."

"बाबाचं काम चालू आहे."

"काय चालू आहे ते मला दिसतंय."

"मग? नियम कुणाचा आहे?" असं म्हणून ती आपल्या टेबलाकडे गेली. ते काम दुसऱ्या गावी गेलं. माझा संताप झाला, आणि वाईटही फार वाटलं. अशाने ही पोर जन्मभर शिकाऊच राहणार, हे तिलाही कळत होतं.

बर्फ पडायला लागल्यावरच्या एका शनिवारी मारेन लाकडाचे आणखी नमुने आणायला गाडीकडे गेली. ऑरिन अक्रोडाचा तुकडा हातात घोळवत होता. त्या दिवशी तो अगदी पूर्वीसारखा दिसत होता.

"हॅच," तो हळूच मला म्हणाला, "पोरीला म्हणावं, घाई करू नको. बंदूक तयार झाली, तर मला न्यावी लागेल रे ती."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने लाकूड हुंगलं, खाली ठेवलं. "बापाला बनवतेय असं वाटतंय तिला. वाटू दे."

एवढ्यात मारेन आली आणि तो मोठ्याने म्हणाला, "अक्रोड नको बुवा, जड वाटतो!"

निरोप मी दिला नाही. सोमवारी मारेन यायच्या आत डब्यातून सांगाडा काढला, पुसला, भिंग लावलं आणि मुठीखालच्या लोखंडावर माझी अक्षरं आणि शेजारी तिची अक्षरं कोरली. डोळ्यांमुळे तिचा 'एम' किंचित वाकडा आलाय.

तिला तो दुपारी दिसला. सांगाडा उजेडाकडे धरून ती म्हणाली, "हे गिऱ्हाइकाच्या हाती गेलेलं नाही अजून."

"गिऱ्हाइकाची काही तक्रार नाही."

बंद असलेल्या लेथशी पाठमोरी उभी राहून बराच वेळ ती तो सांगाडा पुसत होती.

शनिवारी ऑरिन एल्क हरणाचं शिंग घेऊन आला. "मूठ याची केली तर?"

"बघावं लागेल," मारेन म्हणाली, आणि तिने कोरा कागद पुढे ओढला.