हापशाची दांडी

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. हर्सूलच्या एका गल्लीच्या तोंडाशी मला गाडलं, तेव्हा भोवती ज्वारीची रानं होती. आता इमारती आहेत आणि प्रत्येकीची बोअर माझ्याहून खोल. एकेकाळी लोक माझ्या पाण्याचे गोडवे गात. पुढे नळ आले आणि माझ्या दांडीवर पोरं झोके घेऊ लागली. दुष्काळ पडला, नळ आटले, की मात्र साऱ्यांना माझी आठवण येते!

उन्हाळ्यात मला धसमुसळेपणा सोसत नाही. थोडं हापसावं, थांबावं, पाणी पुन्हा वर चढू द्यावं. कोरडं हापसलं तर आतली साखळी तुटते आणि अख्खी गल्ली तहानलेली राहते.

अशाच एका उन्हाळ्यात तनुजानं पहाटे हंडा रांगेत ठेवला आणि तापानं फणफणलेल्या आईजवळ ती घरी गेली. परतली तर हंडा सगळ्यात मागं.

"माझा हंडा कुणी सारला?"

"म्या," शेजारची केसरबाई म्हणाली. "नुसत्या हंड्यासाठी कोन थांबंल?"

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं माझी दांडी धरली आणि ती दाणदाण हापसत सुटली. पाणी संपलं तरी थांबेना. माझी साखळी करकरू लागली. मला वाटलं, संपलं आता सगळं.

तो कोरडा आवाज तिलाही ऐकू आला असावा. तिनं दांडी सोडली.

"मावशी, मला लई राग आलाय. आत्ता बोलले तर तोंडातून शिव्याच निघतील. पाणी वर येईस्तोवर बसते."

ती ओट्यावर बसली. माझं पाणी पुन्हा वर चढलं, तेव्हा ती उठली.

"हंडा रांगेत म्हंजे मानूस रांगेत, हे तुमीच ठरवलं व्हतं. माझी आई आजारी हाय. परत हंडा सारायचा नाय."

केसरबाईनं गुपचूप तिचा हंडा उचलून माझ्या तोंडाखाली लावला. तनुजा हलली नाही.

"आधी सगळ्यांसमोर बोला, मावशी."

"व्हय, चुकलं माझं," केसरबाई म्हणाली आणि स्वतःच हापसू लागली, अगदी सावकाश. तनुजाचा चेहरा अजून लालच होता, पण तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि ती आईकडे निघाली.

मित्रांनो, राग येऊ द्या. तो आलाच नाही, तर आपल्यावर अन्याय झाला हे कळणार कसं? तो गिळूही नका, नीट शब्दांत सांगा. फक्त त्याच्या हाती माझी दांडी देऊ नका.