डांबराचा अंगठा

अर्धी लखलखीत आणि अर्धी काळीकुट्ट घंटा कधी पाहिली आहे का, मित्रांनो? ती मीच.

माझा जन्म भट्टीत झाला, पण जग पाहिलं ते कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या गोदीत. तिथे इंग्रजांची लढाऊ जहाजं दुरुस्तीला येत. मी वाजले, की गुलाम माणसं कामाला जुंपली जात. त्यांच्यातल्याच एकाने मला टांगलं. जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवून त्याचे हात डांबराने माखले होते. माझ्या आतल्या कडेवर त्याचा अंगठा उमटला. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. मला मात्र अजून ते जाणून घ्यायचं आहे.

पुढे एका जहाजातून मी कॅनडात आले आणि टोरोंटोजवळच्या एका छोट्या संग्रहालयात विसावले. बर्फ कसा असतो, ते खिडकीतून पाहिलं. मुलं यायची, "कॅन आय रिंग इट?" म्हणायची. मग बटणं दाबायचे खेळ आले आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

यंदा त्या जुन्या गोदीतल्या संग्रहालयाने मला परत मागितलं. ज्यांच्या कष्टांवर गोदी उभी राहिली, त्यांची एकही खूण तिथे नव्हती. हा अंगठा तेवढा उरला होता. इथल्या वस्तू सांभाळणाऱ्या, मूळच्या वसईच्या कास्मिर अंकलनी आनंदाने होकार कळवला.

पाठवणीच्या आदल्या दिवशी रोझमेरी आली. वसईहूनच शिकायला आलेली ही पोर इथे पार्ट-टाइम काम करते.

"माहेरी जाताना असा अवतार?" असं म्हणत तिने डब्यातून चिंच काढली आणि मला आतून-बाहेरून घासू लागली. घरी सणाआधी पितळ असंच घासत ना! माझा लोळा, म्हणजे आतली जीभ, प्रवासासाठी बांधलेला. मी ओरडणार तरी कशी? चिंच अंगठ्यापासून बोटभर अंतरावर आली.

"रोझमेरी, स्टॉप! काय करतेस बाय?" कास्मिर अंकल धावतच आले.

"क्लीन करते, अंकल. केवढा डाग आहे हा!"

"डाग नाही गं. माणूस आहे तो."

रोझमेरीने वाकून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी अंकल. आधी विचारायला हवं होतं."

आता मी पेटीत आहे, तशीच अर्धवट घासलेली. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा, प्रेमाने पुसा. पण आधी विचारा, हा डाग कुणाचा? त्या बेटावर त्याच्या नातवंडांची नातवंडं असतील. त्यांच्यापैकी कुणाचा अंगठा असाच असेल का? मला पाहायचं आहे.