खिडकी शेवटी

ट्रेलर दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि आतून सव्वासहा फूट उंच होता. दोन चाकं, मागे एक दार, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पहिला मालक त्यातून भाड्याच्या खुर्च्या नेत असे. नवऱ्यानं तो घरामागच्या अंगणात ओढून आणला त्या दिवशी बायको आत चढली, उघड्या लाकडी तळावर चक्क आडवी झाली आणि डाव्या भिंतीवर, आपल्या तोंडाच्या उंचीला, बोटानं एक चौकोन काढला. पत्र्यावर धूळ होती, त्यामुळे तो उमटला.

"इथे खिडकी," ती म्हणाली. "उशीवर डोकं ठेवलं की बाहेर दिसलं पाहिजे. बाकी तुम्हाला हवं ते करा."

"एवढंच?"

"एवढंच."

ती सव्वीस वर्षं एका हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन आणि पडदे कापत आणि शिवत आली होती. शिवणखातं तळघरात होतं. बाहेर काय हवा आहे, ते जिना उतरून येणाऱ्यांच्या बुटांवरून कळायचं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिनं ते माळ्यावर टाकलं.

तो एकतीस वर्षं थंड गाड्यांच्या पेट्या बांधत आला होता. मासे, औषधं, आईस्क्रीम नेणाऱ्या ट्रकांच्या त्या पांढऱ्या पेट्या. त्या कारखान्यात सगळ्यात मोठी शिवी 'गळका' ही होती. ज्याची पेटी गळली, त्याला पुढे वर्षभर त्याच नावानं हाक मारत. याची एकही पेटी कधी गळली नाही, आणि ही गोष्ट तो लग्नकार्यात अनोळखी माणसांनाही सांगत असे.

ठरलं असं होतं: सहा महिने काम, मग दोन महिने प्रवास, दोघांनीच. गाडी ती चालवणार होती, कारण त्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलगी शाळेची बस चालवायची. तिनं आईला ट्रेलर मागे घ्यायला शिकवलं. "आई, डावीकडे जायचंय ना, मग स्टिअरिंग उजवीकडे. बाबांशी बोलताना करतेस ना, अगदी तसंच." तीन रविवारांत आई शिकली. एक कुंडी गेली.

काम सुरू झालं. पहिलं भांडण शब्दावरून झालं. तो ट्रेलरला 'पेटी' म्हणायचा.

"पेटी कसली? माणसं झोपणार आहेत त्यात. खोली म्हणा."

"अगं, धंद्यातला शब्द आहे."

"आपल्याला कुठे धंदा करायचाय?"

दोन दिवस तो 'खोली' म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटी.

दुसऱ्या महिन्यात खिडकी आली. कॅरव्हॅनची, दीड फूट बाय एक फूट, बाहेर उघडणारी, जाळीसकट. ती बायकोनंच शोधली होती. मापं घेऊन तिनं निळ्या चौकड्यांचा पडदा शिवला, जाड अस्तर लावून. खिडकी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आणि विचारलं, "कधी बसवताय?"

"खिडकी शेवटी. आधी पेटी बंद करायची, मग बाकीचं."

फोमची शीट बसली. "खिडकी?" "शेवटी." प्लाय लागलं. "खिडकी?" "अगं, शेवटी म्हटलं ना." बेड झाला, खाली सामानाचे कप्पे झाले, मागच्या दाराशी ओढून काढायचं स्वयंपाकाचं टेबल झालं, बॅटरी बसली, छताला झाकणाचा पंखा लागला. काम सुरेख होतं. कप्प्याची दारं गाडी हलली तरी उघडणार नाहीत अशी, टेबलाच्या कडा गोल, कारण तिला चालताना कडांवर मांडी आपटायची सवय होती. हे सगळं त्यानं न सांगता केलं होतं, आणि म्हणून ती विचारायची, पण हट्ट धरत नसे. शेवटचा महिनाभर तो म्हणाला, "आता आत डोकावू नकोस. फिनिशिंग चाललंय. शनिवारी एकदम बघ."

शनिवारी दुपारी बारा वाजता तिनं बघितलं.

अंगणात मुलगी होती आणि नवऱ्याचा जुना फोरमन होता. पंचाहत्तरीचा, काटक, हातात टॉर्च घेऊन आलेला. भर उन्हात टॉर्च कशाला, हे मुलीनं विचारलं.

"सवय," फोरमन म्हणाला. "कारखान्यात पेटी झाली की एक माणूस आत बसायचा. दार लावायचं. बाहेरून आम्ही चारी बाजूंनी दिवा फिरवायचो. आतल्याला टाचणीएवढा जरी उजेड दिसला, तरी पेटी परत."

"आज आत कोण बसणार?"

नवरा बायकोकडे बघून हसला. सकाळी त्यानं दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"बाबा, आईला आत ठेवून किती डिग्रीवर सेट करायचं?" मुलगी म्हणाली. फोरमनला हसता हसता ठसका लागला.

ट्रेलरची डावी बाजू कुंपणाकडे होती, ती बघायला न जाता ती मागच्या दारानं आत चढली. प्लायवर फिकट पिवळा रंग, बेडवर तिनं शिवलेल्या गाद्या, आणि डाव्या भिंतीवर, उशीच्या बरोबर वर, पितळी दांडीवर तिचा निळा पडदा. ओढलेला.  इतके महिने उगाच टोचत राहिले याला, असं तिला वाटलं. ती बूट काढून बेडवर बसली.

"लावू का दार?"

"लावा."

दार बंद झालं. रबर दाबलं गेल्याचा हलका आवाज आला आणि बाहेरचं सगळं थांबलं. मुलीचं बोलणं, रस्त्यावरची गाडी, काहीच नाही. अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते कळेना. ती स्वतःच्या अस्तरावर खूश झाली. पडद्याच्या कडेनंसुद्धा उजेड येत नाहीये. मग तिनं हात लांब करून पडदा सरकवला.

काहीच बदललं नाही.

बाहेरून झाकण असेल, तिनं स्वतःला सांगितलं. तिनं काच चाचपली. काच नव्हती. प्लाय होतं, गुळगुळीत, ताज्या रंगाचा वास येणारं प्लाय.

पत्र्यावर टकटक झाली. नवऱ्याचा आवाज लांबून आल्यासारखा आला. "दिसतो का उजेड कुठे?"

तिनं दुसऱ्या हातानंही प्लाय चाचपलं.

"अगं, नीट बघ. कोपऱ्यांत बघ. दिसतो का?"

"नाही," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांग, फोरमनसाहेबांना ऐकू दे!"

"नाही दिसत!"

बाहेर टाळी वाजली. एकाच माणसाची. "शाब्बास," फोरमन म्हणत होता. "हात अजून तोच आहे रे तुझा."

तिचा तळवा अजून भिंतीवरच होता. सव्वीस वर्षं बोटांनी शिवणी तपासलेल्या बाईचा हात होता तो. रंगाखाली तिला एक जोड लागला. सरळ, बारीक, पुट्टी भरलेला. बोट त्याच्यावरून चालवलं तर तो काटकोनात वळला, आणि पुन्हा वळला. नवरा एक वीत अंतरावर स्क्रू मारतो, हे तिला ठाऊक होतं. सगळी भिंत तशीच होती. या जोडाच्या कडेनं मात्र स्क्रू चार-चार बोटांवर होते. चौकोन दीड फूट बाय एक फूट होता.

म्हणजे तो विसरला नव्हता.

दार उघडलं. ऊन एकदम अंगावर आलं. नवरा हात पुढे करून उभा होता, तिला उतरवून घ्यायला. ती स्वतःच उतरली.

"खिडकी कुठे आहे?"

"अगं, बेडखालच्या कप्प्यात. व्यवस्थित गुंडाळून ठेवलीये, तिला काही—"

"मी कप्प्यात झोपणार आहे का?"

"हे बघ, आधी ऐक. पडदा बघितलास ना? पडद्यानं कसं, खिडकी असल्यासारखंच वाटतं. शिवाय उन्हाळ्यात आत गार, थंडीत—"

"असल्यासारखं." तिनं तो शब्द सुटा करून परत दिला. "त्या भिंतीत चौकट आहे. तुम्ही खिडकीची जागा केली होतीत. पुरी. मग बुजवलीत. कधी?"

तो दाराचं रबर बोटानं दाबून बघू लागला.

"कधी, विचारतेय मी."

"महिना झाला असेल."

"महिनाभर मला 'शेवटी, शेवटी' म्हणत होतात, तेव्हा ती बुजवलेली होती?"

मुलीनं वडिलांकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. फोरमननं टॉर्च उगाच चालू करून बंद केला.

"वहिनी, चूक माझी आहे थोडी," तो म्हणाला. "मी मध्ये येऊन गेलो ना, तेव्हा हा चौकट घालत होता. मी आपलं गमतीत म्हटलं, काय रे, म्हातारपणी गळका होणार का? एकतीस वर्षांत एक भोक नाही आणि आता स्वतःच्याच पेटीला पाडतोस? गमतीत हो."

"तुम्ही गमतीत म्हणालात आणि यांनी भिंत बुजवली."

"तसं नाही," नवरा म्हणाला. "मी पण विचार केला. कड कितीही सील केली तरी दोन-चार वर्षांत—"

"दोन-चार वर्षांत गळली तर मी पुसेन! फडकं घेऊन पुसेन! सव्वीस वर्षं लोकांची फडकी कापली मी!" ती आता ओरडत होती, आणि शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघत होती. "एक गोष्ट मागितली. गादी कशी, टेबल कुठे, एका शब्दानं बोलले नाही. एक चौकोन! आणि मला त्याच अंधारात बसवून वर विचारता, उजेड दिसतो का? आणि मी 'नाही' म्हटलं की टाळ्या?"

"अगं, हळू. लोक बघतायत."

"त्यांना दिसतंय तरी!"

मुलगी फस्सकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

बायको फोरमनकडे वळली. "साहेब, तुम्ही झोपणार आहात यात?"

"मी? नाही बुवा."

"मग जरा बाजूला व्हा."

ती शेडमध्ये गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात स्क्रूचा ड्रिल होता, जिगसॉ, म्हणजे विजेवरची बारीक करवत होती आणि शिवणखात्यातला चपटा पांढरा खडू होता. वायर मागून फरपटत येत होती. नवरा दारात आडवा उभा राहिला.

"तुला येणार नाही. पत्रा आहे तो, चादर नाही. वाकडं गेलं तर अख्खी बाजू बदलावी लागेल."

"चोवीस थर एकावर एक ठेवून कापलेत मी, आणि कधी वाकडं गेलं नाही. हे मी कोणत्या लग्नात सांगत बसले नाही, एवढंच. सरका."

तो सरकला नाही. ती त्याच्या बगलेखालून वाकून आत गेली.

"आई," मुलगी मागून म्हणाली, "जिगसॉचं ब्लेड लाकडाचं आहे. थांब." तिनं शेडमधून पत्र्याचं ब्लेड आणलं, बदललं आणि यंत्र वडिलांच्या खांद्यावरून आत दिलं. वडिलांनी तिच्याकडे बघितलं, तर ती म्हणाली, "बाबा, मी तुमचीच मुलगी आहे. चुकीच्या ब्लेडनं काम बघवत नाही."

चार-चार बोटांवरचे स्क्रू बावीस निघाले. प्लायचा चौकोन तिनं ओढून काढून बेडवर फेकला. मागे फोमचा तुकडा नेमका बसवलेला होता. तो काढला. आत चौकट होती. लाकडी, चारी कोपरे जुळलेले, केसभर फट नाही. वरच्या पट्टीवर पेन्सिलनं, त्याच्या त्या शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: 'हिची खिडकी', आणि शेजारी वर दाखवणारा बाण.

ते वाचून तिचा राग उतरायला हवा होता. तो वाढला. एवढं सगळं माहीत होतं याला, आणि तरीही.

तिनं चौकटीच्या आतल्या कडेनं पत्र्यावर खडूची रेघ मारली, कोपऱ्यात ड्रिल टेकवला आणि दाबला. पत्रा किंचाळला. बाहेर नवरा भिंतीजवळ गेला होता. ड्रिलचं टोक त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर, चकचकीत पत्र्यातून बाहेर आलं.

"अगं, मी उभा आहे इथे!"

"मग बाजूला व्हा!"

एक. दोन. तीन. चार. कोपरे झाले. मग जिगसॉ सुरू झाली आणि अंगणात कोणाला काही बोलता येईना. पातं रेघेवरून सावकाश गेलं, घाई न करता, चौथ्या बाजूला तिनं डाव्या हातानं पत्र्याला आधार दिला, म्हणजे शेवटी फाटू नये. चौकोन सुटला आणि बाहेर, नवऱ्याच्या पायांशी पडून वाजला.

फोरमननं जवळ येऊन भोकाला टॉर्च लावला, मग डोळा लावला. "सरळ आहे," तो म्हणाला. नंतर त्यानं टॉर्च खिशात घातला आणि येतो म्हणाला. त्याला कोणी थांबवलं नाही.

नवरा भोकासमोर उभा होता. आतून तिचा चेहरा, केसांत फोमचा भुगा, बाहेर त्याचा.

"विचारा आता," ती म्हणाली.

"काय?"

"मघाशी टकटक करून विचारत होतात ते."

त्यानं विचारलं नाही. खाली वाकून पत्र्याचा चौकोन उचलला, उलटा-सुलटा करून त्याच्या कडा बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग म्हणाला, "भोकाची कड धारदार आहे. हात कापेल तुझा. कानस लावावी लागेल. आणि मग सील. दोनदा."

"लावा."

"तू जरा त्या बाजूनं पत्रा धर."

"नाही धरणार. मी बघणार आहे."

तिनं बेडवरचा प्लायचा तुकडा पायानं खाली ढकलला, गादी झटकली आणि उशीवर डोकं ठेवलं. मुलगी शेडमधून कानस घेऊन आली. नवऱ्यानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि वरच्या कडेपासून सुरुवात केली. कानशीचा कीस उडून तिच्या उशीवर पडत होता. ती हलली नाही. त्याच्या कोपराच्या पलीकडे शेजारची गच्ची होती, तिच्यावर ओले कपडे, आणि ती बाई अजून बघत होती.